चरित्र कुणाचं लिहिलं, कुणाचं राहिलं

आपल्या विहारात एका चौदा एप्रिलला झालेला वाद अनेकांना आठवत असेल. भाषणे चालू होती. एका तरुण वक्त्याने सांगितले की, १९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले, तेव्हा त्यांचा सत्कार झाला आणि त्या सभेत केळुसकर गुरुजींनी त्यांना बुद्धाचे चरित्र भेट दिले. एवढ्यात मागच्या सतरंजीवरचे एक वयस्कर अण्णा उभे राहिले. म्हणाले, "मॅट्रिक नाय, इंग्रजी चौथी! खुद्द बाबासाहेबांनी लिवलंय." वक्ता म्हणाला, कीरांच्या पुस्तकात मॅट्रिक आहे. अण्णा म्हणाले, कीर मोठे की बाबासाहेब मोठे? झालं! दोन्ही बाजूंची माणसं उठून उभी राहिली. अध्यक्षांनी सरणत्तयं घ्यायला लावून सभा संपवली, तरी खीर वाटताना सुद्धा तोच वाद चालू होता.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही पुस्तके काढून समोरासमोर ठेवली. गंमत अशी की दोघेही वाचूनच बोलत होते. धनंजय कीरांच्या चरित्रात १९०७ सालची मॅट्रिकची परीक्षा आहे, सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली झालेली सत्काराची सभा आहे आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी दिलेले पुस्तक आहे. आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली होती, तिच्यात खरोखरच इंग्रजी चौथी आहे. ग्रंथ १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर बाहेर आला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती पुढे वेगळी छापली गेली. त्यामुळे ज्यांनी फक्त ग्रंथ वाचला त्यांना ती ठाऊक नाही. त्या प्रस्तावनेत बाबासाहेब सांगतात की समाजाच्या लोकांना सत्काराची सभा घ्यायची होती, पण वडिलांनी साफ नकार दिला. एक परीक्षा पास झाला त्यात काय मोठं, पोराच्या डोक्यात हवा जाईल, असं त्यांचं म्हणणं. मग मंडळी केळुसकरांकडे गेली, कारण ते रामजी सुभेदारांचे स्नेही. त्यांनी मध्यस्थी केली, सभा झाली, अध्यक्षही केळुसकरच होते आणि शेवटी त्यांनी आपले पुस्तक दिले.

म्हणजे बघा, एकच प्रसंग, पण इयत्ता वेगळी आणि अध्यक्षही वेगळा. मला विचाराल तर मला मॅट्रिकचेच खरे वाटते. पासष्टीला टेकलेला, दुखण्याने थकलेला माणूस पन्नास वर्षांपूर्वीचे आठवून लिहितो, तेव्हा एखादी इयत्ता मागेपुढे होऊ शकते. आपल्याला आपल्या लग्नात कोण भटजी होता ते आठवत नाही! यात बाबासाहेबांचा कमीपणा काही नाही. पण अण्णा त्या दिवशी उठले नसते, तर ती प्रस्तावना मी उघडली नसती, हेही तितकेच खरे. आणि तिच्यात जे आहे ते मला कीरांकडे इतके जवळून मिळाले नव्हते. बापलेकातली ती प्रश्नोत्तरे.

बाबासाहेब सांगतात, मी वडिलांना विचारले की तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत का वाचायला लावता? त्यात ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची नालस्ती आहे. बुद्धाचे वाङ्मय का नाही दिले? सुभेदारांना प्रश्न आवडला नाही. पोरांनी असलं विचारू नये, सांगितलं तेवढं करावं, असं म्हणून त्यांनी गप्प केलं. पण पोरगं गप्प बसणारं नव्हतं. काही दिवसांनी पुन्हा विचारलं. तेव्हा वडील म्हणाले, आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येईल. द्रोण बघ, कर्ण बघ, वाल्मीकी बघ, लहान स्थितीतून किती मोठे झाले! सुभेदारांच्या म्हणण्यात तथ्य होतं असं बाबासाहेब मान्य करतात, पण समाधान झालं नाही म्हणतात. महाभारतातला एकही माणूस त्यांना भावला नाही. आणि मग ते सांगतात की केळुसकरांच्या पुस्तकामुळे मी बुद्धाकडे वळलो, पण रिकाम्या डोक्याने वळलो नाही. आधीचे वाचलेले होते, म्हणून ताडून बघता आले.

ताडून बघता आले! माझ्या मते चरित्र वाचण्याची सगळी विद्या या एका गोष्टीत आली.

या केळुसकर गुरुजींबद्दल आपल्या वस्तीत फारच थोडे बोलले जाते. ते मराठा समाजाचे, १८६० साली जन्मलेले, विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसणारा एक मुलगा त्यांना दिसायचा, त्याची त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. पुढे सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचाच हात होता. त्यांनी तुकारामांचे चरित्र लिहिले, छत्रपती शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र लिहिले आणि १८९८ साली गौतम बुद्धाचे लिहिले. त्या काळात बुद्धाचे चरित्र मराठीत लिहून किती खपले असेल? पण एक प्रत योग्य हातात पडली आणि पन्नास वर्षांनी नागपूरला काय झालं ते आपण सगळे जाणतोच.

त्या प्रतीचं बाबासाहेबांनी नुसतं पारायण केलं नाही, हेही ध्यानात घ्यावं. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि घर सोडले, ही गोष्ट परंपरेने सगळी चरित्रे सांगत आली. बाबासाहेबांनी स्वतःच्या ग्रंथात विचारले की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा आणि एकही मयत पाहिलेलं नव्हतं, हे बुद्धीला पटतं का? आणि त्यांनी ती जागा बदलून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला तंटा पुढे आणला. युद्ध नको म्हणून ठामपणे उभा राहिलेला आणि त्यासाठी देशत्याग पत्करणारा सिद्धार्थ त्यात दिसतो. बुद्धावर ज्यांची एवढी श्रद्धा, त्यांनी बुद्धाच्या चरित्राला सुद्धा प्रश्न विचारला. आणि आपण इयत्तेवरून खीर थंड करून घेतो.

आता बाबासाहेबांच्या स्वतःच्या चरित्राकडे येऊ. आपल्याकडे पुष्कळांची समजूत अशी की मोठ्या माणसाचे चरित्र आपोआप तयार होते. तसे काही नसते. महात्मा जोतिबा फुले १८९० साली गेले. त्यांचे पहिले मोठे चरित्र पंढरीनाथ सीताराम पाटलांनी लिहिले ते १९२७ साली. मध्ये सदतीस वर्षे गेली. त्या सदतीस वर्षांत जोतिबांना पाहिलेली, त्यांच्या शाळेत शिकलेली किती माणसे गेली असतील, आणि प्रत्येक माणसाबरोबर काय काय गेले असेल, याचा हिशेब कोण देणार?

बाबासाहेबांच्या बाबतीत ते झाले नाही, याचे मोठे श्रेय चांगदेव भवानराव खैरमोडे यांना. सातारा जिल्ह्यातल्या पाचवडचा हा माणूस. बाबासाहेबांच्या सहवासात तरुणपणीच आला, पुढे सरकारी नोकरी केली आणि आयुष्यभर पत्रं, कात्रणं, सभांचे वृत्तांत, लोकांच्या आठवणी गोळा करत राहिला. पहिला खंड १९५२ साली निघाला, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. १९७१ साली खैरमोडे गेले तेव्हा काम छापून पुरं झालेलं नव्हतं. पुढचे खंड त्यांच्या पत्नी द्वारकाबाई यांच्या खटपटीने निघाले आणि बारा खंड पुरे झाले. बारा खंड! आपल्या विहाराच्या कपाटात ते आहेत. वाचायला जड आहेत हे मी कबूल करतो. मध्येच एखादं पत्र सबंध छापलेलं असतं, मध्येच सभेत कोणकोण हजर होतं त्यांची नावंच नावं. मी पहिल्यांदा वाचायला घेतले तेव्हा ही नावांची यादी सरळ उलटून पुढे जायचो. नंतर समजलं की त्या यादीतच तर आपले आजे-पणजे आहेत. कीरांच्या पुस्तकात ते नाहीत. कीरांनी १९५४ साली इंग्रजीत चरित्र लिहिलं, ते जगात गेलं, मराठीत १९६६ साली आलं, आणि वाचायला ते ओघवतं आहे यात शंका नाही. बाबासाहेब कोण होते हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर कीर द्यावेत. बाबासाहेबांच्या भोवती कोण उभं होतं हे बघायचं तर खैरमोड्यांचा खंड घेऊन बसावं लागतं, सावकाश.

आणि बाबासाहेबांनी स्वतःविषयी काय लिहिलं? जाडजूड आत्मचरित्र त्यांनी लिहिलं नाही. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं थोड्याच पानांचं टिपण त्यांच्या कागदांत होतं. ते १९३५च्या सुमारास लिहिलेलं, आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिका म्हणून काढलं. आज अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात ते विद्यार्थ्यांना वाचायला दिलं जातं. मराठीतही त्याचे अनुवाद मिळतात. त्यात बॅरिस्टरी नाही, डॉक्टरेट नाही, गोलमेज परिषद नाही. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेली पोरं आहेत. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच त्यांना एकही गाडीवान घेईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन पोरांनी स्वतःच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बरोबर चालायचं असं ठरलं. डबा जवळ होता, पण पाणी मिळेना, म्हणून पोरं उपाशीच राहिली. पुढे बडोद्याची पारशी खाणावळ आहे, दौलताबादचं टाकं आहे.

मला त्यातला चाळीसगावचा प्रसंग सगळ्यात जास्त लागतो. १९२९ साल. महारवाड्यातल्या लोकांनी बाबासाहेबांना आग्रहाने मुक्कामाला ठेवलं. टांगेवाले महाराला टांग्यात घेऊन हाकायला तयार नाहीत. पाहुण्याला पायी कसं न्यायचं? म्हणून आपल्यातल्याच एकाला टांग्यावर बसवलं, ज्याने कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब खाली दगडांवर आदळले, पाय मोडला. बाबासाहेब टांगेवाल्यांना बोल लावतातच, पण आपल्या माणसांनी मानापोटी पाहुण्याचा जीव धोक्यात घातला, हेही न लपवता लिहितात. आणि सहा प्रसंगांपैकी शेवटचे दोन तर स्वतःचे नाहीतच. काठेवाडातल्या एका बाळंतिणीचा, जिला डॉक्टर हात लावेना, आणि गुजरातेतल्या एका भंगी समाजाच्या तरुणाचा, ज्याला तलाठ्याच्या कामावर टिकू दिलं नाही. स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहायला बसले आणि एक तृतीयांश जागा दुसऱ्यांना देऊन टाकली.

पण हे झालं पुढाऱ्यांचं, विद्वानांचं. बाबासाहेबांचं नाव खेड्यापाड्यात कुणी पोचवलं? जिथं 'बहिष्कृत भारत' वाचायला एक माणूस शिकलेला नव्हता, तिथं? तिथं जलसेवाले गेले, गाणारे-बजावणारे गेले. त्यांची चरित्रं कुठं आहेत?

नाशिकचे भीमराव कर्डक हे त्यातले थोर. त्यांच्या जलशात तमाशाचाच साज होता. ढोलकी, संवाद, हसवणारा फार्स, सगळं. पण छचोरपणा काढून टाकून त्या जागी महाड, काळाराम मंदिर, सावकार, मेलेलं ढोर ओढू नका, मुलांना शाळेत घाला, असं सगळं भरलेलं. लोक रात्र रात्र बसायचे. खुद्द बाबासाहेब त्यांच्या जलशाला आपल्या सभांपेक्षा मोठं मानत, असं जुनी माणसं सांगत आली. पण कर्डकांनी एक गोष्ट अशी केली की तिच्यासाठी त्यांना आणखी एक जय भीम घालावा. त्यांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून काढलं. हे पुस्तक नसतं तर आज एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या पोरांना जलशाबद्दल लिहायला काय मिळालं असतं? कुणी दुसरा लिहील म्हणून कर्डक थांबले नाहीत.

वामनदादा कर्डक हे वेगळे, आडनाव एक आणि जिल्हाही एक. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव, जन्म १९२२. मुंबईत येऊन गिरणीत राबले. एकदा एका माणसाने पत्र वाचून दाखवा म्हणून त्यांच्या हातात दिलं, आणि वामनदादांना वाचता येत नव्हतं. त्या लाजेने ते रडले आणि वयात आल्यावर अक्षरं शिकले. ही गोष्ट आपल्या प्रत्येक पोराला सांगावी. ज्यांची गाणी गेली तीन पिढ्या आपल्या लग्नात, जयंतीत, मयताला सुद्धा म्हटली जातात, तो माणूस एके काळी निरक्षर होता. २००४ साली ते गेले. त्यांच्याबद्दल आज पुष्कळ लिहिलं जातंय ही समाधानाची गोष्ट. अण्णा भाऊ साठे यांचंही तसंच. वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला मुलगा, पुढे कथा, कादंबऱ्या, पोवाडे, रशियाचं प्रवासवर्णन असं सगळं लिहून गेला. 'फकिरा' कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. पण स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं नाही आणि १९६९ साली पन्नाशीही न गाठता गेला.

पुरुषांची ही तऱ्हा, तर बायकांचं विचारूच नका. पठ्ठे बापूराव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. कुलकर्ण्याचं घर सोडून तमाशात आले म्हणून त्यांचं कौतुक झालं, त्यांच्यावर लेख झाले, सिनेमा झाला. पण ज्या बाईच्या गळ्यामुळे आणि पायांमुळे ती लावणी उभी राहिली ती पवळा, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची, आपल्या महार समाजाची. तिचं जे काही सापडतं ते बापूरावांच्या चरित्राच्या कडेला सापडतं.

आणि इथं एक अवघड प्रसंग आहे. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या तमाशाचं उत्पन्न देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. समाजाच्या बाईला नाचवून मिळालेला पैसा समाजाच्या कामाला नको, असा त्यांचा विचार. हा प्रसंग भाषणात सांगितला की टाळ्या पडतात. मीही सांगितलाय आणि टाळ्या घेतल्यात. बाबासाहेबांची भूमिका बरोबरच होती असं मला आजही वाटतं. त्या काळात आपल्या बायकांकडे गाव कोणत्या नजरेनं बघत होतं ते ज्यांच्या घरात झालं त्यांना ठाऊक. पण अलीकडे एकदा भाषण संपल्यावर आपल्या महिला मंडळातल्या एका मुलीनं मला विचारलं, "काका, पैसे परत गेले तेव्हा पवळाबाई काय म्हणाली?" मला उत्तर देता आलं नाही. पैसा तिच्या घामाचा, नकार तिच्या पैशाला, आणि तिचं म्हणणं कुणी विचारून ठेवलं नाही. डॉ. शैलजा पाईक यांनी २०२२ साली तमाशातल्या दलित स्त्रियांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. २०२४ साली अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप त्यांना मिळाली, ही आपल्या समाजाला अभिमानाची गोष्ट. त्या ग्रंथात पवळाबाईला तिची जागा मिळाली आहे. पण तिच्या स्वतःच्या तोंडचं आता कुठून आणणार?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या बाबतीत थोडं बरं झालं. योगीराज बागूल यांनी 'तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा' हे पुस्तक लिहिलं. दिवस भरलेले असताना फडावर नाचणारी, मध्येच आत जाऊन बाळंत होणारी, दगडानं नाळ तोडून पुन्हा बोर्डावर उभी राहणारी ही बाई. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला आणि शेवटचे दिवस हालात गेले, २००२ साली वारली. हा नाळेचा प्रसंग सगळे सांगतात, जणू तो पराक्रमच. मला तो वाचून राग येतो. तंबूत शेकडो माणसं बसलेली, आणि त्या रात्रीचा खेळ बंद करा म्हणणारा एक निघाला नाही?

सिनेमातल्या हंसा वाडकर लिहायला बसल्या नव्हत्या, त्या बोलल्या, आणि अरुण साधूंनी ते उतरवून घेतलं. १९७० साली 'सांगत्ये ऐका' पुस्तक झालं. त्यावरूनच पुढे १९७७ साली श्याम बेनेगलांनी 'भूमिका' काढला, स्मिता पाटील होती त्यात. बाई आपल्या चुका, दारू, पळून जाणं काही लपवत नाहीत. बाई बोलत गेल्या आणि ऐकणाऱ्याने ऐकून घेतलं, तेवढ्यावर पुस्तक उभं राहिलं. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आपल्या घरातल्या बायांनी मात्र स्वतःच लेखणी घेतली. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचून त्यांचं वाचन वाढलं. लिहिलेली वही घरच्यांना दिसू नये म्हणून वर्षानुवर्षं लपवून ठेवली. 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून आलं १९८६ साली. शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' त्याच वर्षीचं. आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना गाठून, त्यांच्या घरी जाऊन, आठवणी गोळा केल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. महाडला, नाशिकला, १९४२च्या नागपूरच्या महिला परिषदेला गेलेल्या बाया त्यात आहेत. हे पुस्तक दहा वर्षं उशिरा निघालं असतं तर त्यातल्या कितीजणी भेटल्या असत्या?

माईसाहेबांचंही सांगून टाकतो, कुणाला आवडो न आवडो. सविता आंबेडकर यांचं 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' १९९० साली आलं. आमच्या चाळीत ते कुणी घरात ठेवत नव्हतं. बाबासाहेबांच्या निधनाबद्दल संशय होता, सरकारी चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी संशय गेला नाही. मीसुद्धा ते पुस्तक कित्येक वर्षं न वाचताच नावं ठेवत होतो. वाचलं तेव्हा काही पटलं, काही पटलं नाही. पण बाबासाहेबांचं दुखणं, पथ्यपाणी, रात्र रात्र जागून चाललेलं लिखाण, हे तिच्याइतकं जवळून बघणारं दुसरं कोण होतं? नानकचंद रत्तू होते, त्यांच्याही आठवणी आहेत. दोघांचं एकमेकांशी जुळत नाही. म्हणून तर दोन्ही वाचायचं.

आता स्वतःची चूक सांगतो, कारण तिच्यामुळेच हा लेख लिहायला घेतला. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या मागच्या चाळीत एक म्हातारे जलसाकार राहत. तरुणपणी त्यांनी जलशात स्त्रीपार्टी केलेली, कारण जलशात बायकांचं काम पुरुषच करायचे. आवाज शेवटपर्यंत खणखणीत. त्यांच्याकडे चार वह्या होत्या, लाल कापडात बांधलेल्या. गाणी, सवाल-जवाब, कोणत्या गावाला कधी गेलो, किती सुपारी मिळाली, कुठं दगड पडले, सगळं लिहिलेलं. मला म्हणाले होते, "ये रे पोरा रविवारी, मी सांगतो, तू लिही. माझं अक्षर मलाच लागत नाही आता." मी हो म्हणालो. त्या वेळी माझी दुसरी पाळी असायची, रविवारी पंचायतीची कामं. आज जाऊ, उद्या जाऊ. पावसाळ्यात ते गेले. पुण्यानुमोदनाला गेलो तेव्हा वह्यांची चौकशी केली. सुनेनं सांगितलं, घर आवरताना रद्दीत दिल्या. तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हा इतिहास आहे. ज्याला ठाऊक होतं तो दुसऱ्या पाळीला गेला होता.

त्यांच्या एका गाण्याचा मुखडा मला अजून येतो. अंतरा येत नाही.

वर्षावासात आपण तीन महिने रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. पौर्णिमेला समारोप झाला की कपाटाला कुलूप लागतं. कार्यकारिणीपुढे मी एक विषय मांडला होता, तो मंजूर झाला आहे. वर्षावास संपला की दर रविवारी वंदनेनंतर एक तास चरित्रवाचन. सुरुवात 'वेटिंग फॉर अ व्हिसा'च्या मराठी अनुवादाने, कारण ते लहान आहे आणि पोरांना बसल्या बसल्या संपवता येईल. मग भीमराव कर्डकांचं पुस्तक, मग बेबीताई. खैरमोड्यांचे खंड एकदम नकोत, त्यातला एकेक प्रसंग घेऊ आणि कीरांशी ताडून पाहू. मॅट्रिक-चौथीचा वाद ज्यांना अजून पुरा करायचा असेल त्यांनी त्या रविवारी दोन्ही पुस्तकं घेऊन यावं, खीर आधी वाटली जाईल.

दुसरं म्हणजे, विहाराच्या पैशातून दोन जाड वह्या आणल्या आहेत. आजची पोरं मोबाईलवर आवाज भरून घेतात, तेही करावं, पण वहीत उतरवलंही जावं. मोबाईल बदलला की भरलेलं कुठं जातं ते मी बघितलंय. वस्तीत ऐंशीच्या पुढची सात माणसं आहेत, त्यांत पाच बाया. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी लहानपणी आईच्या कडेवर बसून जलशाला जायच्या, आणि त्यांना गाणी येतात, अंतऱ्यासकट. महिला मंडळातली ती पवळाबाईचा प्रश्न विचारणारी मुलगी त्यांच्याकडे वही घेऊन जाणार आहे. आजींनी आपल्याला काय येतंय, कशाला लिवतेस, असं म्हणून आढेवेढे घेतले. मग म्हणाल्या, रविवारी चारच्या पुढं ये, दुपारी डोळा लागतो.